तेल किती? पट्टी सांगेल तितके!

चकल्या तळताना कढईत तेल किती घालावे, हे सुगरणीला शिकवावे लागत नाही. कमी पडले तर चकली तळाला लागून करपते. जास्त झाले तर पहिलाच घाणा सोडताच तेल फेसाळून काठाबाहेर येते. कढईवर कुठे खूण केलेली नसते, तरी तिची नजर चुकत नाही. मोटारीच्या पोटातल्या तेलाचे गणित अगदी हेच आहे. फरक इतकाच, की ही कढई बंद असते, तिच्यात डोकावता येत नाही. म्हणून कारखान्याने मालकाच्या हाती एक पोलादी पट्टी दिली आणि तिच्यावर दोन खुणा करून ठेवल्या. मौज अशी, की घरच्या कढईकडे घटकाघटकाला पाहणारे आपण या पट्टीकडे वर्षातून एकदाही पाहत नाही!

दिवाळीच्या अंकात हा तेलकट विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण दिवाळीच्या आधीचा पंधरवडा म्हणजे गॅरेजवाल्यांची लग्नसराई असते. भाऊबीजेला पुण्याहून बारामतीला, बारामतीहून इंदापूरला आणि तिथून पुढे सोलापुराकडे जाणाऱ्या साऱ्या गाड्या याच दिवसांत सर्व्हिसिंगला येऊन उभ्या राहतात. मेकॅनिक एक, हाताखालचे पोरगे एक आणि गाड्या अकरा. अशा धांदलीत तेलाचे माप थोडे इकडेतिकडे होणे अगदी सोपे असते. गाडी धुऊनपुसून, चकचकीत होऊन घरी येते आणि बिघाडाचे बीज आत घेऊन येते.

बारामती-इंदापूरचे नाव घेतले, तेही उगाच नाही. यंत्राच्या तेलाशी या मुलखाची ओळख फार जुनी. इंदापूर तालुक्यातच वालचंदनगर आहे. ज्या शेठ वालचंद हिराचंद यांच्या नावाने ते वसले, त्यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि १९४७ साली मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून तिच्या मोटारी बाहेर पडू लागल्या. पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून घराघरांत पोहोचलेली गाडी याच कंपनीची. मुंबईच्या टॅक्सीतून ती निवृत्त झाली ती थेट ऑक्टोबर २०२३ मध्ये. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, आणि विहिरीवर डिझेल इंजिन बसवून उसाला पाणी देणारा शेतकरी इंजिनाचे ऑइल पाहिल्याशिवाय हँडल मारीनासा झाला. आज बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओच्या कारखान्यात तीनचाकी गाड्या तयार होतात. म्हणजे विहिरीवरच्या इंजिनाची पट्टी रोज पाहणाऱ्यांचे नातू आज मोटार चालवतात आणि पट्टी मात्र पाहत नाहीत, असे झाले आहे!

आधी आत काय चालते ते पाहू. इंजिनाच्या तळाशी एक तसराळे असते. गॅरेजात त्याला चेंबर म्हणतात. तेल तिथे साठते. एक पंप ते तेल खेचून फिल्टरमधून गाळतो आणि वर क्रँक, बेअरिंग, पिस्टन अशा सगळ्या फिरत्या-सरकत्या भागांना पुरवतो. काम करून तेल ठिबकत पुन्हा चेंबरात येते. क्रँक आणि तिचे बेअरिंग यांच्यामधली फट आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही बारीक असते आणि त्या फटीत तेलाचा पापुद्रा असतो. गाडी मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर पळत असली, तर क्रँक सेकंदाला पन्नास वेळा गरगरते. हा पापुद्रा आहे तोवर लोखंडाला लोखंड लागत नाही. तो तुटला, की काही क्षणांत बेअरिंग खरवडते, आणि मग जे इंजिन बसते ते हजारांच्या नव्हे, लाखाच्या आसपासच्या भाषेत बोलू लागते.

पट्टीच्या खालच्या खुणेखाली तेल गेले, तर पंपाच्या तोंडाशी तेलाऐवजी मधूनमधून हवा येते. सपाट रस्त्यावर ते कदाचित कळणारही नाही. पण पुण्याहून दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, मोरगावमार्गे बारामतीला निघालात, तर चढावर आणि वळणावर चेंबरातले थोडके तेल एका बाजूला सरते आणि पंपाचे तोंड कोरडे पडते. पुढच्या फळीवरचा तांबडा दिवा क्षणभर लुकलुकतो, तो तिथे.

हे सगळ्यांना पटते. पटत नाही ते दुसरे: जास्त तेलही वाईट. 'कमी तर नाही ना? मग झाले!' हा आपला घरगुती न्याय. पण वरच्या खुणेच्या फार वर तेल गेले, तर गरगरणारी क्रँक त्या तेलावर आपटू लागते. रवीने ताक घुसळावे तसे ती तेल घुसळते. तेलाला फेस येतो. फेस म्हणजे निम्मी हवा, आणि हवेचा पापुद्रा बेअरिंगला वाचवत नाही. म्हणजे तेल जास्त असूनही आतला भाग उपाशीच! शिवाय चेंबरातला दाब वाढतो, सीलमधून तेल पाझरते, वाफेच्या नळीवाटे ते हवेच्या वाटेत शिरते आणि इंजिनात जळून मागून निळसर धूर निघतो. धूर शुद्ध करण्यासाठी धुराड्यात जो महागडा भाग बसवलेला असतो, त्याचीही या जळक्या तेलाने नासाडी होते.

आता एक नमुन्याचे उदाहरण घेऊ. समजा, बारामतीत एक निवृत्त शिक्षक आहेत. आपण त्यांना गुरुजी म्हणू. पेट्रोलची लहान गाडी, चार वर्षांची. पाडव्याच्या आधी सर्व्हिसिंग झाले. भाऊबीजेला लेकीला आणि नातवंडांना घेऊन इंदापूरला जायचे आहे. गाडी घरी आल्यावर पाच मिनिटांनी गुरुजींनी पट्टी काढून पाहिली, तर तेल वरच्या खुणेच्या पाच मिलिमीटर वर. त्यांनी गॅरेजवाल्याला फोन केला. तो त्यांचाच जुना विद्यार्थी.

"गुरुजी, जास्तच आहे ना? कमी तर नाही! चालवा बिनधास्त."

"अरे बाळा, शंभरपैकी एकशेवीस मार्क कधी दिलेत का मी तुला? तसे देणारा मास्तर आणि घेणारा विद्यार्थी, दोघांचीही चौकशी होते!"

गुरुजींनी घाई केली नाही. आधी स्वतःचे वाचन तपासले, आणि हाच या प्रकरणातला पहिला धडा. पट्टी चुकीचे केव्हा सांगते? गाडी उतारावर असेल तेव्हा; गुरुजींच्या दारासमोर उतार होता. इंजिन नुकतेच बंद केले असेल तेव्हा; पण त्या वेळी बरेच तेल वरच्या भागातच असते, म्हणून पट्टी कमी दाखवते, जास्त नाही. पट्टी पुरती आत बसली नसेल तेव्हा. तीही चूक कमीच दाखवते. जास्त दाखवणारी एक नेहमीची चूक अशी: पट्टीच्या नळीच्या भिंतींना नुकत्याच ओतलेल्या तेलाचा ओघळ लागलेला असतो आणि तो पट्टीला माखतो. म्हणून पहिल्यांदा बाहेर काढलेल्या पट्टीवर कधीच विश्वास ठेवू नये.

गुरुजींनी गाडी पुढच्या सपाट फरशीवर आणली आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी पट्टी काढली, सुती फडक्याने कोरडी पुसली, टोकापर्यंत आत घातली, पुन्हा काढून आडवी धरली. नवे तेल मधासारखे स्वच्छ असते, त्यामुळे त्याची रेघ चटकन दिसत नाही. पट्टी उजेडाकडे तिरपी धरली म्हणजे ओली-कोरडी सीमा कळते. दोन्ही बाजू पाहायच्या आणि जी खाली असेल ती खरी मानायची. असे दोनदा केले. दोन्ही वेळा तेल वरच्या खुणेच्या बारा मिलिमीटर वर! संध्याकाळी पाच, सकाळी बारा. म्हणजे रात्रीतून तेल वाढले नव्हते. वर अडकलेले खाली उतरले होते. जास्तीचे तेल खरोखरच होते.

किती जास्त? इथे आपले शाळेतले त्रैराशिक कामाला येते. पुष्कळ गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेमध्ये एक लिटरच्या आसपास तेल मावते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. गुरुजींच्या पुस्तिकेत एक लिटरच होते आणि दोन खुणांतले अंतर वीस मिलिमीटर भरले. वीस मिलिमीटरला एक लिटर, तर बाराला सहाशे मिलिलिटर. चेंबर काही चौकोनी डबा नव्हे, तेव्हा हे उत्तर अदमासाचे. पण अदमासही बोलका असतो.

मग सहाशे मिलिलिटर आले कुठून? गुरुजींनी बिल काढले. तेल साडेतीन लिटर लावलेले. फिल्टरची रक्कम कुठेच नाही! पुस्तिकेत दोन आकडे होते: फिल्टर बदलल्यास साडेतीन लिटर, न बदलल्यास तीन लिटर दोनशे. फिल्टरच्या पोटात तीनशे मिलिलिटर जुने तेल असते. ते तिथेच राहिले आणि वर साडेतीन लिटर पूर्ण ओतले गेले. निम्मे कोडे सुटले. उरलेल्या तीनशेचे काय? गुरुजींनी पोराला प्रेमाने विचारले, तर कळले की गर्दी होती म्हणून गाडी पुढून जॅकवर चढवून, थंड इंजिनातूनच तेल सोडले होते. थंड तेल घट्ट, ते सावकाश उतरते. गाडी तिरपी, म्हणून चेंबराच्या एका कोपऱ्यात थोडे साचून राहते. तीनशे अधिक तीनशे, सहाशे. हिशेब जुळला.

यात दोष कोणाचा, हा प्रश्न मोठा नाही. रीत कोणती, हा प्रश्न मोठा आहे. तेल बदलायचे तर इंजिन आधी कोमट करावे, गाडी सपाट उभी असावी, तेल ठिबकायचे थांबेपर्यंत वेळ द्यावा, फिल्टर नवा घालावा. आणि पुस्तिकेतला आकडा गाठायचा म्हणून सगळे तेल एकदम ओतू नये. अर्धा लिटर मागे ठेवावे. इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे, म्हणजे फिल्टर भरतो. दहा मिनिटे थांबावे, पट्टी पाहावी आणि मग लागेल तसे दीडशे-दोनशे मिलिलिटर घालत जावे. घालणे सोपे, काढणे कष्टाचे, मिठासारखेच.

गुरुजींनी त्या अवस्थेत गाडी चालवली नाही. विद्यार्थी घरी आला, पट्टीच्या नळीतून बारीक नळी आत सोडून हातपंपाने तेल ओढून काढले आणि मोजाच्या बाटलीत घेतले. साडेपाचशे निघाले तेव्हा पट्टी वरच्या खुणेच्या किंचित वर होती. आणखी शंभर काढल्यावर खुणेच्या जरा खाली आली. खुणेला अगदी चिकटून असले पाहिजे असा अट्टहास नको. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या बाजूला, हे उत्तम. एखाद-दोन मिलिमीटर वर असेल तर घाबरू नये. पण बोटभर वर असेल तर किल्ली फिरवू नये.

काढलेले तेल कुठे जाते, हेही विचारावे. कोणी ते सरळ ओढ्यात नाहीतर कालव्यात ओततात. नीरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर या भागातला ऊस आणि माणसे जगतात. त्यात जळके तेल सोडणे म्हणजे स्वतःच्या माठात रॉकेल ओतणे होय. ते डब्यात साठवून, शुद्धीकरणासाठी जुने तेल गोळा करणाऱ्या परवानाधारकाकडेच जायला हवे.

सर्व्हिसिंगनंतर तेल कमी निघाले, तर तपास वेगळा. पहिला संशय: मुळातच कमी घातले. दुसरा: गळती. रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरावे आणि सकाळी डाग कुठे आहे ते पाहावे. डाग चेंबराच्या नटाखाली असेल, तर नटाचा वायसर जुनाच वापरला असेल किंवा नट सैल राहिला असेल. डाग फिल्टरखाली असेल, तर एक खोडी नेहमीची आहे: जुन्या फिल्टरचे रबरी कडे इंजिनालाच चिकटून राहते आणि त्यावर नवा फिल्टर आपल्या नव्या कड्यासह बसवला जातो. दोन कडी एकावर एक. उभ्या गाडीत सगळे ठीक दिसते. रस्त्यावर दाब वाढला की कडे सरकते आणि काही मिनिटांत चेंबर रिकामे! म्हणून गॅरेजातच इंजिन सुरू करून, खाली वाकून मिनिटभर पाहावे. यात मालकाचा कमीपणा नाही आणि मेकॅनिकचा अपमानही नाही.

डाग नाही, तरी तेल उतरतेच आहे, तर इंजिन तेल खात असेल. जुन्या इंजिनाने हजार किलोमीटरला थोडे तेल खाणे हे काही अघटित नव्हे. पण किती खाते, ते वहीत लिहून ठेवावे. किलोमीटरचा आकडा, पट्टीचे वाचन, घातलेले तेल, अशा तीन रकान्यांची वही पुरे.

आणि कधी कधी न घालताच तेल वाढते! ही बाब जास्त गंभीर. डिझेलच्या ज्या गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो (एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा या नियमांनंतर असे फिल्टर सर्रास आले), तिथे साठलेली काजळी जाळण्यासाठी इंजिन मधूनमधून जादा डिझेल फवारते. मंडईपर्यंत जाऊन पाच मिनिटांत गाडी बंद करणाऱ्यांकडे हे जाळणे अर्धवट राहते आणि काही डिझेल तेलात उतरते. पट्टी वर चढते, तेल पातळ होते, वास येतो. अशा पातळ तेलाचे पोषण संपलेले असते. ते काढून न टाकता पूर्णच बदलावे लागते. तेल दुधाळ कॉफीसारखे दिसले आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर पाणी तेलात शिरले आहे. मग गाडी टोचून न्यावी, चालवत नेऊ नये. मात्र नुसत्या झाकणाच्या आत थोडी पांढरट साय दिसली आणि पट्टीवरचे तेल स्वच्छ असेल, तर ती बहुधा थंडीतल्या छोट्या फेऱ्यांची वाफ असते. एक लांब फेरी झाली की जाते.

तेलाची जातही पाहावी. डब्यावर ५डब्ल्यू-३० असे काही लिहिलेले असते. डब्ल्यू म्हणजे हिवाळा. पहिला आकडा थंडीतला पातळपणा सांगतो, दुसरा गरम इंजिनातला दाटपणा. 'आपल्याकडे ऊन फार, दाटच घाला' हा सल्ला जुन्या गाड्यांच्या काळी बरा होता. आजच्या गाड्यांतल्या फटी आणि पंप ठराविक तेलासाठीच बेतलेले असतात. पुस्तिकेत असेल तेच घालावे.

एक गोष्ट मात्र घरातल्या प्रत्येक चालकाने, मुला-मुलींनीही, पाठ करावी. अल्लाउद्दिनाच्या दिव्यासारखे चित्र असलेला तांबडा दिवा हा तेलाच्या पातळीचा दिवा नव्हे, तो दाबाचा आहे. तो लागला नाही म्हणजे तेल पुरेसे आहे, असे नाही. आणि तो चालत्या गाडीत लागला, तर 'पुढच्या पंपापर्यंत जाऊ' असे म्हणू नये. कडेला घ्या, इंजिन बंद करा. दोन मिनिटांचा मोह बेअरिंगे घेऊन जातो. काही नव्या गाड्यांत पट्टीच नसते, पडद्यावर पातळी दिसते. तिथेही नियम हेच, सपाट जमीन आणि थोडा धीर. विजेवरच्या गाडीला इंजिनच नाही, तेव्हा तिचे मालक या लेखातून सुटले.

बारामतीहून काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी असे करीत इंदापूर गाठायचे, हा तुकोबांच्या पालखीचा रस्ता. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचे बॉयलर पेटू लागतात आणि उसाने लादलेले ट्रॅक्टर रस्त्यावर उतरतात. त्यांच्यामागे कधी रखडायचे, कधी जोर करून पुढे जायचे. इंजिनाला हे दोन्ही सोसावे लागते. निघण्यापूर्वी तीन मिनिटे द्यावीत: पट्टी, रेडिएटरचे पाणी, चाकांतली हवा. परत आल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, पट्टी पुन्हा एकदा. सर्व्हिसिंगनंतरच्या पहिल्या शंभर किलोमीटरनंतरचे हे वाचन सर्वांत मोलाचे, कारण कामात काही राहिले असेल तर ते तोवर उघडे पडते.

आणि पट्टी पाहून जे दिसेल ते गॅरेजवाल्याला शांतपणे, आकड्यांत सांगावे. 'तेल काहीतरी जास्त वाटते' म्हटले की वाद होतो. 'सपाट जागी, थंड इंजिनावर, दोनदा पाहिले, वरच्या खुणेच्या बारा मिलिमीटर वर आहे, आणि बिलात फिल्टर नाही' म्हटले की काम होते. चांगला मेकॅनिक अशा गिऱ्हाइकावर रागावत नाही. पुढच्या खेपेला तो आपणहून पट्टी काढून दाखवतो.